कोल्हापुरी शिकायची, तर आधी रापीला धार लावा

तालमीच्या हॉलमध्ये किंवा समाजमंदिरात कोल्हापुरी चपलेचा वर्ग भरवायचा असेल, तर आधी महिना ठरवा. जून ते सप्टेंबर नको. कोल्हापूरच्या पावसात भिजवलेलं चामडं वेळेत सुकत नाही, चौथ्या दिवशी पांढरी बुरशी धरतं आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. दिवाळी झाली की सुरू करा. आठ रविवार, दर वेळी तीन तास. एका कारागिरामागे सहा जण, फार तर आठ. त्याहून जास्त झाले तर शिकवणाऱ्या मामांना प्रत्येकाच्या हाताकडे बघणं जमत नाही, आणि हात बघून चूक दाखवणं हीच तर त्यांची शिकवणी.

शिकवणारे शोधायला चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रांगेत गेलात तर दुकानदार भेटेल. करणारे हात बहुतेक सुभाषनगर, जवाहरनगरच्या घरांत आहेत. दोघांना बोलवा: कापणी-शिलाईला एक मामा आणि पट्ट्यावरच्या चामड्याच्या वेणीला एक मावशी. वेणी, गोंडा, पट्ट्यावरची नक्षी हे काम बऱ्याच घरांत बायकांच्या हातात असतं, त्यामुळे ‘मामाच सगळं दाखवतील’ असं धरून चालू नका. मानधन आधी बोलून घ्या. त्या दिवशीची मजुरी बुडते तेवढं तरी द्यायलाच हवं. ‘कला जपायची आहे, फुकट शिकवा’ हे वाक्य घरीच ठेवून या.

एका जोडीला तळाचं म्हशीचं चामडं साधारण दीड चौरस फूट लागतं. चार तळ (दर चपलेला एक वरचा, एक खालचा) त्यातच निघतात आणि नवशिक्याची नासाडीही त्यातच भागते. वेणीसाठी बकऱ्याचं पातळ चामडं अर्धा चौरस फूट पुरे. तळाचं चामडं वजनावर मिळतं, पातळ चामडं फुटावर, म्हणून भाव विचारताना गोंधळ होतो. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलंच मागा. ओळखायला सोपं आहे: कडेचा तुकडा कापून आत बघा. सालीत कमावलेलं आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोमच्या रसायनात कमावलेलं आत निळसर-राखाडी दिसतं. क्रोमचं चामडं ओलं करून ठोकलं तरी हवं तसं घट्ट बसत नाही, त्यामुळे तळाला ते चालत नाही.

पहिल्या रविवारी चप्पल नाही. त्या दिवशी फक्त रापीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला धार आणि टाकाऊ तुकड्यांवर सरळ कापणी. रापी अंगाकडे ओढायची नाही, फळीवर पुढे ढकलायची आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा. धार बोथट झाली की माणूस जोर लावतो, जोर लावला की पातं घसरतं. हात कापतो तो बहुतेक वेळा असाच. दर पंधरा-वीस मिनिटांनी रापीचे धारेच्या दगडावर दोन हात मारा.

आता ओलावा. सगळ्यात जास्त जोड्या इथेच बिघडतात. तळाचं चामडं प्लास्टिकच्या टपात वीसेक मिनिटं बुडवा, बाहेर काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. कापायची वेळ आली की नखाने दाबून बघा. खूण उठून तशीच राहिली आणि पाणी वर आलं नाही, तर बरोबर. पाणी वर आलं तर चामडं अजून फार ओलं आहे. असं चामडं कापताना ताणतं आणि सुकल्यावर आखडतं, मग तळ फर्म्यापेक्षा, म्हणजे मापाच्या साच्यापेक्षा लहान निघतो. पत्र्याची बादली वापरू नका. सालीतल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की निळे-काळे डाग पडतात. ओल्या चामड्यावर रापी टेकवून चहाला गेलात तरी तिचा आकार तिथे उमटलेला सापडेल. लिंबाचा रस चोळला तर डाग फिका होतो, पण पुरता जातोच असं नाही.

तळ पाठीच्या भागातून कापा. पोटाकडचं चामडं सैल असतं, ते टाचेच्या आतल्या थराला वापरा. डाव्या-उजव्या पायाचे तळ शेजारी-शेजारीच आखा. एक पाठीतून आणि एक पोटातून काढला तर महिन्याभरात एक चप्पल पसरते, दुसरी तशीच राहते. खालचा तळ चार-पाच मिलिमीटर, वरचा तीन-चार. कापून झाल्यावर दगडावर ठेवून मोगरीने (ठोकायच्या हत्याराने) मधून कडेकडे ठोका. चामडं दाबून घट्ट झालं की आवाज बदलतो, थपथप जाऊन टणटण येते. मामा कान देऊन बसतात ते ह्यासाठी.

वेणीला पट्ट्या तीन मिलिमीटर रुंद कापा. वीस सेंटिमीटर वेणी हवी तर पट्ट्या तीस सेंटिमीटरच्या घ्या, विणताना लांबी तितकी खाल्ली जाते. वरचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून विणायची सवय लावा. टेबलाला चिमटा लावून ताण सारखा येत नाही. वेणी एका बाजूला वळत असेल तर एक पट्टी तुम्ही जास्त ओढताय. पाच-सहा वळसे उसवा आणि पुन्हा विणा. तशीच पुढे रेटली तर पट्ट्यावर शिवल्यावर वाकडेपणा दुप्पट दिसतो.

जोडणीत कान, म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना पट्टा धरणारे तुकडे, बसवणं सगळ्यात अवघड. वरच्या आणि खालच्या तळाच्या मध्ये कानाचं बूड जातं आणि शिलाईत पकडलं जातं. आधी वरच्या तळावर उभं राहून पायाच्या चवड्यामागे जिथे उंचवटा सुरू होतो तिथे पेन्सिलने खूण करा. दोन्ही पायांची खूण वेगळी घ्या, माणसाचे पाय सारखे नसतात. कान पुढे गेले तर पाय पुढे घसरून बोटं तळाबाहेर येतात. मागे गेले तर पट्टा घोट्याच्या पुढच्या हाडाला घासतो, आणि असली चप्पल कितीही तेल लावलं तरी चावतच राहते.

शिलाई चामड्याच्या वादीनेच करा, खिळा नको. काठापासून पाच मिलिमीटर आत, भोकांमध्ये सहा-सात मिलिमीटर अंतर. आरीने (टोच्याने) पाडलेलं भोक वादीपेक्षा किंचित बारीक हवं, म्हणजे सुकल्यावर चामडं आवळून वादी धरून ठेवतं. वादी ओढली जात नाही म्हणून लोक भोक मोठं करतात आणि आठवड्यात शिलाई सैल होते. भोक वाढवू नका, वादीच्या टोकाला तिरपा काप देऊन ते ओलं करा. तळ चिकटवायला सोल्युशन चालतं, पण त्याच्या भरवशावर शिलाई विरळ करू नका. शेवटी टाके मोगरीने आत बसवा.

सुकायला सावली आणि वारा, दोन दिवस. घाई करून उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलेला तळ कडक होऊन चिरतो. सुकल्यावर वरून खोबरेल हलक्या हाताने दोनदा लावा, मध्ये एक रात्र जाऊ द्या. एकाच वेळी भरपूर ओतलं तर चामडं काळं पडतं आणि शिलाईच्या भोकांतून तेल तळपायाला लागतं. पहिले चार दिवस घरातच तासभर घाला. किंचित घट्ट वाटली तर ठीकच आहे, चामडं पायावर बसतं. पहिल्याच दिवशी सैल असेल तर पुढे ती सैलच होत जाणार.

केलेली जोडी विकायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आहे, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. त्या मानांकनाची खूण लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, नुसता वर्ग पूर्ण केल्याने ती मिळत नाही. पहिली जोडी तशीही विकू नका. ती घेऊन महिन्याभराने मामांकडे जा, तळ उलटा करून दाखवा. कुठली बाजू झिजली, कुठला टाका वर आला हे बघूनच दुसऱ्या जोडीची कापणी ठरते.