बोटीच्या टॉयलेटचा पंप पुण्यात आणून घरीच दुरुस्त करा

बोट मांडव्याला किंवा मुंबईला आणि आपण कोथरूडला, अशी गत असेल तर टॉयलेटचं काम बोटीवर करूच नये असं माझं मत आहे. त्या कपाटाएवढ्या जागेत वाकून बसायचं, एक स्क्रू बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट जागेत, पडला की दिवस गेला आणि हार्डवेअरचं दुकान कुठे तर अलिबागला. पावसाळ्यात बोट वर काढलेली असतेच, तेव्हा हातपंपाचा अख्खा भाग खोलून घरी आणायचा. आधी गोडं पाणी भरपूर मारून घ्या हां, नाहीतर खोपोली येईपर्यंत गाडीतली मंडळी बोलणं बंद करतील.

पण नेमकं काय बिघडलंय ते बोट पाण्यात असतानाच बघून ठेवा. पंपाचा लिव्हर ‘ड्राय’ला असताना (म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणं बंद असताना) भांड्यात घाण पाणी हळूहळू परत येतंय म्हणजे जोकर व्हॉल्व गेला, बाहेर गेलेलं पाणी मागे येऊ न देणारा रबरी व्हॉल्व तो. स्वच्छ समुद्राचं पाणी चढतंय तर भानगड इनलेटच्या, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळीच्या बाजूला. पंपाच्या दांड्याच्या बाजूने पाणी गळतंय तर वरचं सील. पंप जड चालतोय तर एकतर आतलं ग्रीस संपलंय नाहीतर होजमध्ये (बाहेर जाणाऱ्या जाड नळीत) क्षार जमलेत, लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की कॅल्शियमचा थर बसतो, बोअरच्या पाण्याने नळावर बसतो तसाच, फक्त हा होज पार अर्धा करून टाकतो.

आणि बोट पाण्यात असताना काहीही खोलायचं तर दोन्ही सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर जाण्याच्या नळ्यांवरचे कॉक, आधी बंद. भांडं बऱ्याचदा वॉटरलाइनच्या, म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या खाली असतं, पाणी सायफनने आत येत राहतं आणि बोट टॉयलेटमधून बुडते, खरंच बुडते! म्हणूनच होजचा उलटा यू वॉटरलाइनच्या चांगला वर हवा, बोट कलल्यावरसुद्धा, आणि त्याच्या टोकावरचा छोटा हवेचा व्हॉल्व मिठाने चोंदतो तो काढून कोमट पाण्यात धुवायचा. हे कोणी करत नाही.

घरी आल्यावर पंप खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. रबर बाजूला ठेवून प्लॅस्टिकचे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. अ‍ॅसिड वापरलंत तर त्याच्या जवळपास ब्लीच नको, क्लोरीन वायू होतो. ब्लीच तसंही नकोच, रबर खराब होतं. सील-व्हॉल्वचं किट ऑनलाइन मागवा पण मॉडेल नीट बघून, जोकर व्हॉल्व काही पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळत नाही, साध्या ओ-रिंगा मात्र मिळतात, जुनी मापाला सोबत न्या आणि नायट्राइल रबराचीच मागा. जोकर व्हॉल्व बसवताना चीर असलेलं टोक बाहेर जाणाऱ्या होजकडे, उलटा बसला तर सगळं काम परत. सिलिंडरला आणि पिस्टनच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. भांड्यात खायचं तेल ओता असं सांगणारे भेटतात, त्याने थोडा वेळ हलकं चालतं, मग जैसे थे.

टेस्ट बादलीत घ्या आणि बाथरूममध्ये घ्या, बाल्कनीत नको, खालच्या मजल्यावरचे काका लगेच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात.

परत बसवताना प्रत्येक जोडाला शक्यतो दोन स्टीलच्या क्लिपा. जुना होज ठेवायचा की नाही ठरत नसेल तर गरम ओल्या फडक्याने तो चोळा आणि फडकं गार झालं की वास घ्या, फडक्याला वास आला तर होज बदला. नंतर पाहुण्यांना एवढंच शिकवा की 38 मिलिमीटरच्या होजमध्ये मीटरला लिटरभराहून जास्त पाणी मावतं, तीन मीटर होज असेल तर चार-पाच वेळा दांडा हलवून काही बाहेर जात नाही, होजमध्येच बसतं, तेव्हा वीसेक वेळा तरी मारा. आणि बोट सोडताना शेवटचं फ्लशिंग गोड्या पाण्याने, कारण पुढच्या वेळी येणारा सडका वास बहुतेकदा इनलेटमध्ये अडकून मेलेल्या समुद्री जीवांचा असतो आणि आपण उगाच भांडं घासत बसतो.