सोलापुरात बसून आयर्लंडचा पणजोबा कसा हुडकायचा

रेल्वे लाईन्समधल्या एका मित्राच्या आजीचं एकच पालुपद, माझे आजोबा आयर्लंडचे. कागद काय आहे म्हणलं तर काही नाही, नुसतं आडनाव सलिव्हन आणि ते लष्करात होते एवढंच. मग दोन महिने रात्री जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसलो.

सगळ्यात आधी, आडनावामागं पळू नका, गाव धरा. सलिव्हन कॉर्क-केरीकडं पैशाला पासरी, त्यात एकीकडं ओसलिव्हन लिहितात, दुसरीकडं 'ओ' गायब. आणि गाव म्हणजे टाउनलँड, आपल्या वाडी-वस्तीएवढं, अशी ६० हजारांवर आहेत. सैनिक असेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधले निवृत्तीचे कागद बघा, त्यात जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतली गावं) असतो, आम्हाला तिथंच लागला.

आपल्याकडं हेळवी येतो, वही उघडून पिढ्या वाचून दाखवतो. तिकडची वहीच जळली. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये (कोर्टाची इमारत, सरकारी दप्तरखानाही तिथंच) स्फोट होऊन आग लागली आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक राख झाल्या, पुढच्या चार तर सरकारनंच नष्ट केलेल्या. म्हणून आधी १९०१ आणि १९११ च्या बघायच्या, ऑनलाईन फुकट आहेत. वयावर मात्र विश्वास नको, दहा वर्षांत माणसं पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात, कारण १९०९ पासून सत्तरीला पेन्शन सुरू झाली होती (माणूस सगळीकडं सारखाच).

तिथनं मागं जायला १८६४ पासूनच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, त्याच्याही आधीचं कॅथलिक चर्चच्या रजिस्टरात, पण बऱ्याचदा लॅटिनमध्ये, जेम्सचा याकोबुस झालेला. १८४७ ते १८६४ चं ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन म्हणजे सातबाराचा लांबचा भाऊ, कोणाकडं किती जमीन आणि मालक कोण ते कळतं.

गाव लागलं की डूखस नावाची साईट उघडा, हे माझं सगळ्यात आवडतं. १९३७ ते १९३९ मध्ये शाळेतल्या पोरांनी म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी वहीत उतरवल्यात. त्यात परींचा कोट सारखा येतो, म्हणजे शेतातला गोल मातीचा बांध, तिथं नांगर घालायचा नाही, झाड तोडायचं नाही. पुरातत्त्ववाले त्यालाच रिंगफोर्ट म्हणतात, त्यांच्या सरकारी नकाशावर ठिपका दिसतो.

आजीला तो ठिपका दाखवला तर म्हणाली, म्हणजे म्हसोबाच की रे.