रविवारच्या पोह्यांना सगळे एकत्र निघा

इंदूरमध्ये नोकरी-धंदा सांभाळत घरच्यांसाठी वेळ काढायचा असेल, तर मोठ्या सहलीची वाट पाहू नका. रविवार सकाळचा अर्धा तास पक्का करा. कोपऱ्यावरच्या गाडीवर वाफेवर गरम ठेवलेले पोहे, वर शेव, जीरावन मसाला, बाजूला जिलबी. पार्सल मात्र आणू नका, सगळ्यांनी मिळून जा. घरी पुडा उघडला की जो तो आपापल्या खोलीत शिरतो. गाडीजवळ उभं राहून खाताना बोलणं आपोआप सुरू होतं.

फोन एकाच्याच खिशात असू द्या, तोही आवाज बंद करून. आई-बाबांना ‘कसं चाललंय?’ विचारलं तर ‘ठीक’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी नेमकं विचारा: लहानपणी राजवाड्याजवळ काय खायचात? आजोबा सराफ्यात कधी न्यायचे? दिवसा सोन्या-चांदीची आणि दुकानं बंद झाल्यावर खाण्याची गर्दी असलेल्या त्या गल्लीबद्दल जुन्या माणसांकडे भरपूर सांगण्यासारखं असतं. मुलांना हे ऐकू द्या, मध्येच तोडू नका. माझ्या मते या अर्ध्या तासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

आजीचे गुडघे दुखत असतील तर घरीच कांदेपोहे करा. कांदा मुलांनी सोलावा, लिंबू आजीने पिळावं. रविवारी ड्युटी असेल तर दुसरा वार धरा, पण तो सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.