घोड्यासाठी वाळलं गवत घेताय? आधी पेंढी सोडा, मग भाव बोला

माळेगावच्या यात्रेत घोड्याचे दात, खूर, भोवरे तासन्‌तास तपासणारा माणूस गवताची गंजी मात्र लांबूनच बघून सौदा करतो. "गुरं खातात की," म्हणे. गुरं रवंथ करतात, त्यांचं पोट बरंच सांभाळून घेतं. घोड्याला ओकताही येत नाही. बुरशीचं गवत पोटात गेलं की शूळ उठतो आणि गवतात वाचवलेले पैसे डॉक्टरला मोजावे लागतात.

पवना, मारवेल, हरळी ही गवतं बिनधास्त घ्या. कुसळी कुसळं धरण्याआधी कापलेली असेल तरच. नाहीतर कुसळं हिरड्यांत रुतून बसतात. कडबाच घ्यायचा तर शाळूचा, पानं शाबूत असलेला. सोयाबीनचं भुसकट फुकट मिळालं तरी नको.

खरी फसगत गंजीच्या पोटात असते. मलाही तिथंच जास्त अडायचं. वरच्या पेंढ्या उन्हानं पिवळ्या पडतात, त्यावरून काहीच ठरवू नका. परतीच्या पावसात सापडलेलं, ओलंच रचलेलं गवत मधून तापतं. म्हणून मधल्या थरातली एक आणि तळाची एक पेंढी ओढून काढा, तिचा आळा, म्हणजे बांधलेला बंद, सोडा आणि आत हात खुपसा. ऊबदार किंवा दमट लागलं तर परत फिरा. मग मूठभर गवत नाकाशी धरा. चांगल्याला गोडसर वास येतो, बिघडलेलं कुबट मारतं. रोज गोठ्यात वावरणाऱ्याला हा वास पटकन कळत नाही, तेव्हा तीच मूठ तिरप्या उन्हात झटका. माती लगेच खाली बसते. बुरशीची भुकटी धुरासारखी तरंगत राहते.

"दोन दिवस ऊन दाखवा, बुरशी जाते," हा सल्ला कानाआड करा. वास कमी होतो, विष राहतं. पाणी शिंपडून साधी धूळ बसते, एवढंच. आणि विकणारा पेंढी सोडू देत नसेल, तर तिथला सौदा संपला.

भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांना, सांगतात, पण पेंढी केवढी बांधायची हे विकणाऱ्याच्या हातात. दहा पेंढ्या तोला. समजा शेकडा १,५०० रुपये आणि पेंढी १ किलोची, तर किलोला १५ रुपये पडले. शेजारी शेकडा २,००० रुपये, पण पेंढी दीड किलोची: किलोला साधारण १३ रुपये. पहिल्यातल्या पाव काड्या घोड्यानं पायाखाली तुडवल्या तर तेच गवत २० रुपयांवर गेलं! वजनावर घेताना पाणी मारलेलं नाही ना, हेही बघा. वाळलेली काडी मोडताना कट्‌कन तुटते, ओली नुसती वाकते.

३०० किलोच्या तट्टाला रोज साडेचार ते सहा किलो वाळला चारा लागतो. टँकर फिरायला लागले की चाऱ्याचा भाव चढतोच, त्यामुळे दिवाळीनंतरच साठा करा, खाली लाकडं टाकून. नवं गवत एकदम सुरू करू नका. आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या.