सोलकढीनंतर लगेच ब्रश नको

दात पांढरे दिसावेत म्हणून लिंबू-मीठ किंवा कोळशाची पूड घासू नका, ही माझी कळकळीची विनंती. वरचं पांढरं कवच झिजतं, आतला पिवळसर थर उघडा पडतो आणि ते कवच पुन्हा येत नाही. आपल्या गोव्यात जेवणात सोलकढी, उन्हाळ्यात कैरी; आंबटाने कवच काही वेळ मऊ पडतं. म्हणून आधी पाण्याने खळखळून चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा. चहानंतरही चूळ हवीच, डाग बसायच्या आत. ब्रश मऊ, फ्लोराइडची पेस्ट, दोनदा, दोन-दोन मिनिटं. ब्रशचे केस बाहेर वळले असतील तर तुम्ही फार जोर लावताय. हिरडीलगत साचलेलं पिवळं कीटण मात्र दंतवैद्याकडूनच काढून घ्या.