ओपन कॉर्डमधला ‘ग’ शोधा, सस आणि सेव्हन आपोआप सापडतील

गिटारवर जी, सी, डी, ए, ई आणि सोबत दोन-तीन मायनर, एवढे ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून वाजणारे) हाताला बसले की बहुतेक जण लगेच बार कॉर्डच्या (एक बोट तारांवर आडवं दाबून धरायच्या कॉर्डच्या) मागे लागतात आणि मधला एक मोठा टप्पा राहूनच जातो. याच शेपमध्ये एखादं बोट उचललं, एखादं टेकवलं की सस टू, सस फोर, सेव्हन, मेजर सेव्हन, ॲड नाइन असं कितीतरी तयार होतं, त्याला हातात फार ताकद लागत नाही, बार लागत नाही आणि तीन कॉर्डच्या साध्या गाण्यातसुद्धा जीव येतो. अडचण एवढीच की कॉर्ड चार्ट उघडला की डझनावारी चौकटी दिसतात आणि प्रत्येक शेप वेगळा समजून पाठ करायला गेलं की चार दिवसांत सगळं विसरायला होतं. माझं स्पष्ट मत आहे की हे पाठ करायची गरजच नाही, कॉर्डमध्ये सा कुठे, ग कुठे, प कुठे हे एकदा कळलं की उरलेलं तुम्ही स्वतःच शोधून काढाल.

आधी लिहायची पद्धत सांगतो. सहा आकडे लिहीन, डावीकडचा पहिला आकडा सगळ्यात जाड म्हणजे सहाव्या तारेचा, शेवटचा सगळ्यात बारीक म्हणजे पहिल्या तारेचा. ० म्हणजे तार मोकळी वाजवायची, × म्हणजे वाजवायचीच नाही, बाकी आकडा म्हणजे तितक्या क्रमांकाचा फ्रेट (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर). ट्यूनिंग नेहमीचंच, ई ए डी जी बी ई. बोटांचं म्हणाल तर अंगठ्याशेजारचं पहिलं, मग दुसरं, तिसरं आणि करंगळी.

आता मुख्य गोष्ट. कुठलाही मेजर कॉर्ड म्हणजे सा ग प, बस. इथे सा म्हणजे गाण्याचा सा नाही हं, ज्या नावाचा कॉर्ड तो त्याच्यापुरता सा. म्हणजे डी मेजरमध्ये डी हा सा, एफ शार्प हा ग आणि ए हा प. यातला ग काढून तिथे म ठेवला की सस फोर, रे ठेवला की सस टू, ग कोमल केला की मायनर. सा ग प तसेच ठेवून कोमल नी मिसळला की सेव्हन, शुद्ध नी मिसळला की मेजर सेव्हन, रे मिसळला की ॲड नाइन. फ्रेटच्या हिशोबात बघायचं तर ग पासून म एक फ्रेट पुढे, कोमल ग एक मागे, रे दोन मागे, आणि वरच्या सा पासून शुद्ध नी एक मागे, कोमल नी दोन मागे. पुढचं सगळं याच्यावरच चालतं.

सुरुवात डी पासून करा कारण इथे सगळं डोळ्यांना दिसतं. डी म्हणजे ××०२३२. चौथी तार मोकळी, तो सा. तिसरीवर प, दुसरीवर वरचा सा आणि पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ग, अख्ख्या कॉर्डमध्ये एकच ग आणि तो सुद्धा सगळ्यात टोकाला, त्यामुळे तो हलवणं अगदी सोपं. ग च्या एक फ्रेट पुढे करंगळी ठेवा, ××०२३३, हा झाला डी सस फोर. करंगळी काढून दुसरं बोटही उचललं की तार मोकळी झाली, ××०२३०, हा डी सस टू. एक काळजी घ्या, सस फोर लावताना दुसरं बोट दुसऱ्या फ्रेटवर दाबलेलंच राहू द्या, उचलू नका. करंगळी पुढे असल्यामुळे तिचाच स्वर वाजतो आणि ती उचलली की खालचा ग तयारच असतो, म्हणून परत येताना खटका बसत नाही. हे न केल्याने बरेच जण सस फोर वरून डी वर येताना एक मात्रा मागे पडतात.

मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) मिनिटाला ६० मात्रांवर लावा आणि एका मात्रेला एक असं डी, सस फोर, डी, सस टू फिरवत राहा. नुसते डाउनस्ट्रोक, म्हणजे हात वरून खाली. बोटं सरावली की करंगळी स्ट्रमसोबत (तारांवरून हात फिरवतानाच) न ठेवता स्ट्रम झाल्यावर त्याच तारेवर आपटा म्हणजे हॅमर-ऑन होईल, आणि ओढून काढली की पुल-ऑफ. यात करंगळी फार लांब उडू देऊ नका, तारेपासून बोटभर अंतरात घुटमळत राहिली पाहिजे.

आता तोच विचार ए ला लावा. ए म्हणजे ×०२२२०, ग दुसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. एक पुढे करंगळी, ×०२२३०, ए सस फोर. बोट उचललं, ×०२२००, ए सस टू. आणि ई म्हणजे ०२२१००, इथे ग तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, करंगळी एक पुढे, ०२२२००, ई सस फोर. गंमत बघा, ई मध्ये ग तिसऱ्या तारेवर, ए मध्ये दुसऱ्या, डी मध्ये पहिल्या, एकेक तार सरकत जातो आणि तिन्हींमध्ये एकच आहे, म्हणून या तिघांचे सस इतके स्वच्छ वाजतात.

पण ई चा सस टू मागताय तर अडेल. ग पहिल्या फ्रेटलाच आहे, दोन फ्रेट मागे जायला जागाच नाही, गिटार संपली. त्यासाठी ०२४४०० असा ताणलेला शेप घ्यावा लागतो, लहान हातांना तो जड जातो, सुरुवातीला सोडून दिला तरी चालेल. मात्र ०२४००० नक्की करून बघा, ई मायनरमध्ये चौथ्या तारेवरचं बोट दोन फ्रेट पुढे नेलं की रे मिसळतो, ई मायनर ॲड नाइन, हळू आर्पेजिओ (एकेक तार वेगळी) वाजवला तर फार सुंदर लागतो.

सेव्हनसाठी ग कडे न बघता वरच्या सा कडे बघा. ई मध्ये तो चौथ्या तारेवर, तिथलं बोट उचललं की थेट कोमल नी, ०२०१००, ई सेव्हन. ए मध्ये तो तिसऱ्या तारेवर, ते बोट उचला, ×०२०२०, ए सेव्हन. डी मध्ये दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आहे, दोन मागे म्हणजे पहिला फ्रेट, ××०२१२, फक्त इथे बोटं बदलावी लागतात, पहिलं बोट दुसऱ्या तारेवर येतं आणि दुसरं-तिसरं दोन्ही बाजूंना. जी मध्ये पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणून ३२०००१ हा जी सेव्हन. आणि सगळीकडे दोनच्या ऐवजी एकच फ्रेट मागे आलात तर मेजर सेव्हन मिळतो: ०२११००, ×०२१२०, ××०२२२, ३२०००२. डी मेजर सेव्हनला पहिलं बोट तिन्ही तारांवर आडवं टाकलं तरी चालतं.

सी मात्र वेगळा वागतो. वरचा सा दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला आहे, बोट उचललं की मेजर सेव्हन, ×३२०००, इतका सोपा की यासारखा दुसरा नाही. पण कोमल नी साठी आणखी एक फ्रेट मागे जाता येत नाही, मग तो तिसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला करंगळीने घ्यायचा, ×३२३१०, आणि त्यात प चा बळी जातो. प गेला तरी सेव्हनचा रंग टिकतो, कारण तो रंग ग आणि कोमल नी या दोघांमुळे असतो.

हे दोघं काय करतात ते ऐकायचं असेल तर जी सेव्हन वाजवा आणि लगेच सी वर या, पण लक्ष फक्त दोन बारीक तारांवर ठेवा. पहिली तार पहिल्या फ्रेटवरून मोकळी होते, दुसरी मोकळी होती ती पहिल्या फ्रेटवर जाते, म्हणजे कोमल नी अर्धा स्वर खाली उतरला आणि ग अर्धा स्वर वर चढला आणि दोघंही सी मध्ये जाऊन बसले. ती जी ओढ ऐकू येते ना, त्यासाठीच सेव्हन वापरायचा. म्हणून जी सेव्हननंतर सी, डी सेव्हननंतर जी, ए सेव्हननंतर डी, ई सेव्हननंतर ए. पुढे जोडीतला दुसरा कॉर्ड येणार नसेल तर साध्या मेजरच्या जागी उगाच सेव्हन टाकू नका, ऐकणाऱ्याला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

सी आणि जी च्या सस मध्ये लोक अडकतात त्याचं कारणही ग च आहे. ×३२०१० मध्ये ग दोनदा येतो, चौथ्या तारेवर आणि पहिल्या मोकळ्या तारेवर. सस फोर खरा करायचा तर दोन्ही हलवावे लागतात, ×३३०११. एकच हलवला तर ग आणि म एकत्र वाजून गढूळ होतं, स्ट्रमिंगमध्ये क्षणभर सजावट म्हणून खपतं पण थांबायला नको. जी मध्येही ३२०००३ धरलं तर पाचव्या आणि दुसऱ्या तारेवर ग आहे, सस फोरला ३३००१३ करावं लागतं. म्हणून या दोघांसाठी दुसरा रस्ता जास्त चांगला आणि माझ्या मते ओपन कॉर्डमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच.

जी असा धरा: ३२००३३. दुसरं बोट सहाव्या तारेवर, पहिलं पाचव्या, तिसरं आणि करंगळी दुसऱ्या-पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. आता ही शेवटची दोन बोटं खिळा ठोकल्यासारखी तिथेच ठेवायची. फक्त पहिलं-दुसरं बोट एकेक तार बारीक बाजूला सरकवा, ×३२०३३, सी ॲड नाइन. जी वर परत या, पहिलं बोट आहे तिथेच ठेवून दुसरं चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला न्या, ०२२०३३, ई मायनर सेव्हन. पहिलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आणि दुसरं मोकळं, ××०२३३, आपला डी सस फोर. पहिलं बोट चौथ्या तारेवर, ×०२०३३, ए सेव्हन सस फोर. पाच कॉर्ड झाले आणि वरचे दोन स्वर, डी आणि जी, हललेच नाहीत. जी कॉर्डमध्ये ते प आणि सा असतात, सी मध्ये रे आणि प, ई मायनरमध्ये कोमल नी आणि कोमल ग, तेच स्वर पण खालचा सा बदलला की त्यांचा अर्थ बदलतो. जी, ई मायनर सेव्हन, सी ॲड नाइन, डी सस फोर असं प्रत्येकी चार मात्रा फिरवा, आणि डी च्या शेवटच्या दोन मात्रांत करंगळी उचलून दुसरं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला टेकवून साध्या डी वर या, तिसरं बोट तेव्हाही जागचं हलत नाही.

या जी मध्ये जोरात स्ट्रम केलं की पाचव्या तारेवरचा जाड ग कधीकधी घुमतो. तेव्हा पहिलं बोट उचला आणि दुसऱ्या बोटाचं टोक पाचव्या तारेला हलकंसं चिकटू द्या म्हणजे ती गप्प बसते, ३×००३३. ॲम्प्लिफायरवर डिस्टॉर्शन असेल तर असंच धरा.

मायनरचं थोडक्यात. ए मायनर ×०२२१०, कोमल ग दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. बोट उचललं की ×०२२००, हा मगाचाच ए सस टू, कारण ग नसला की मेजर-मायनर हा भेदच उरत नाही, म्हणून हा एक शेप ए आणि ए मायनर दोन्हींकडून वापरता येतो. तिसऱ्या तारेवरचं बोट उचललं की ×०२०१०, ए मायनर सेव्हन. डी मायनर सेव्हन ××०२११.

बेस (सगळ्यात खालचा स्वर) बदलून होणारे दोन कॉर्ड मात्र जरूर शिका. जी वरून ई मायनरला जाताना मधे डी चा हा प्रकार घ्या, २×०२३२, सहाव्या तारेवर दुसरा फ्रेट अंगठ्याने वरून दाबा किंवा दुसऱ्या बोटाने धरून वरचा डी उरलेल्या बोटांनी बसवा. सहाव्या तारेवर ३, २, ० असा जिना उतरतो. तसंच सी वरून ए मायनरला जाताना मधे ×२०००३, पाचव्या तारेवर ३, २, ०. आणि एफ चा बार अजून लागत नसेल तर ××३२१० हा एफ मेजर सेव्हन बऱ्याच गाण्यांत बिनधास्त चालतो.

शेवटी हे सगळं गाण्यात कुठे घालायचं ते. ओळ संपून गायक श्वास घेतो ती जागा सस साठी उत्तम, कॉर्ड तालाचे दोन बार (मात्रांचे ठरावीक गट) तोच राहतो तिथेही. पण गायक कॉर्डच्या ग वर थांबलेला असताना सस फोर घेऊ नका, तुमचा म आणि त्याचा ग अर्ध्या स्वरावर घासतात आणि ऐकणाऱ्याला गायकच बेसूर वाटतो. वरच्या सा वर थांबला असेल तर मेजर सेव्हनचंही तेच होतं. तिथे बोट उचला, साधा मेजर वाजू द्या, आणि सस पुढच्या रिकाम्या मात्रेला घ्या.