कीबोर्ड वाजवता आणि पहिला फंक-हिपहॉप अल्बम करायचाय? मग हे वाचा

कीबोर्डवाला स्वतःचा अल्बम करायला बसला की सगळ्यात आधी हात शिवशिवतात ते सोलोसाठी. थांबा जरा. या म्युझिकमध्ये लोकं मान हलवतात ती ग्रूव्हवर, म्हणजे बेस आणि ड्रमच्या झुलत्या तालावर, तुमच्या बोटांच्या स्पीडवर नाही, म्हणून सुरुवात बेसपासून करा.

आणि बेस गिटारवाला मिळत नाही म्हणून अडून बसू नका. पार्लमेंट या अमेरिकन फंक बँडच्या 'फ्लॅश लाइट' गाण्यातला तो गुबगुबीत बेस त्यांच्या कीबोर्डवाल्या बर्नी वॉरेलने मिनीमूग या सिंथेसायझरवर वाजवलाय, १९७७ साली. सिंथवर मोनो पॅच (एका वेळी एकच सूर वाजणारा आवाज) घ्या, थोडा ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ठेवा, बारच्या पहिल्या बीटवर ठाम बसा आणि मग पुढे हवा तेवढा खोडसाळपणा करा. नोट कधी दाबली याच्याइतकंच कधी सोडली हेही महत्त्वाचं, फंक तिथेच तर असतो!

आता कॉर्ड. बेसमध्ये डी आहे ना, मग उजव्या हातात परत डी कशाला? डी मायनर नाइन्थ असेल तर नुसतं एफ, ए, सी, ई वाजवा, ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोच्या आवाजात हे चार सूर पुरेसे होतात आणि खालचा चिखलही होत नाही. क्लॅव्हिनेट (तुटक, कडक आवाजाचा इलेक्ट्रिक कीबोर्ड) घेतलात तर दोन्ही हात ड्रमच्या काठ्यांसारखे आलटूनपालटून चालवा, अर्ध्या नोटा नुसत्या टिचक्या, आवाज नाही आला तरी चालेल. रॅपर बोलत असताना मात्र गप्प बसा, त्याची ओळ संपली की मधल्या फटीत दोन स्टॅब, म्हणजे छोटे तुटक कॉर्ड, मारा, बास.

बीटचं सांगायचं तर एमपीसी या पॅडवाल्या बीट मशीनमध्ये स्विंग, म्हणजे दर दुसरी नोट किती उशिरा येते ते, ५० असेल तर एकदम सरळ आणि ६६ असेल तर जवळपास ट्रिपलेट (तिनाच्या चालीचा झोल). मी ५४ ते ५८ मध्ये फिरतो. हायहॅटला स्विंग द्या पण कीज क्वांटाइज करू नका, म्हणजे मशीनकडून नेमक्या तालावर बसवून घेऊ नका, किंचित मागे राहिल्या तर राहू द्या, गाणं निवांत वाटतं.

सॅम्पल, म्हणजे रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा, हवंय? दुसऱ्याचं घेतलंत तर रेकॉर्डिंगची आणि गाण्याची अशा दोन वेगळ्या परवानग्या लागतात, डोक्याला ताप. त्यापेक्षा स्वतःच चार बार ऱ्होड्स वाजवा, तीन सेमिटोन खाली ओढा, तुकडे करा आणि पॅडवर उलटसुलट लावा, तुमचंच वाजवणं ओळखू येणार नाही.

एक ट्रॅक ९० बीपीएमवर (मिनिटाला ९० बीट), दुसरा १०८ वर, एकात रॅप, एकात नुसतं इन्स्ट्रुमेंटल, असं सगळं विखुरलं तर एकाच माणसाचा अल्बम वाटत नाही. त्यासाठी दोन आवाज ठरवून टाका, माझ्या मते मूग बेस आणि ऱ्होड्स, आणि ते प्रत्येक गाण्यात कुठेतरी आलेच पाहिजेत. पाहुण्या कलाकारांबरोबर क्रेडिट आणि हिस्सा रेकॉर्डिंगच्याच दिवशी लिहून घ्या, दोस्त असला तरी, उलट दोस्त असला तर नक्कीच.

आणि हो, तो लांबलचक सोलो घ्या की, पण एकाच गाण्यात आणि तोही अल्बमच्या दुसऱ्या अर्ध्यात.